परतीची वाट बंद करणारा पंप: रेणूंचं यंत्र चालतं कसं?

सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोलची गोळी घेणारं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. मेडिकलमध्ये तिला ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणतात, पण जठरात असलेलं ॲसिड ती मारत नाही. ती पंप बंद करते. जठराच्या अस्तरातल्या पेशींवर सूक्ष्म पंप बसलेले असतात आणि ते हायड्रोजनचे भारित कण, म्हणजे प्रोटॉन, पेशीतून जठराच्या पोकळीत उपसत राहतात. रक्तात हे कण जितके दाट असतात, त्याच्या दहा लाख पटींहून जास्त दाट ते जठरात होतात. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात तेही यामुळेच. ती चालू पंपालाच चिकटते आणि पंप जोरात चालू होतात ते अन्न पोटात आल्यावर. तोवर गोळी रक्तात पोचलेली असावी लागते.

हा पंप म्हणजे प्रथिनाचा दहा-पंधरा नॅनोमीटरचा पुंजका. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

असा पंप माणसाला अणूला अणू जोडून स्वतः घडवता येईल का? २०१५ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फ्रेझर स्टॉडार्ट यांच्या गटाने तो घडवला. त्याच्या पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, रेणूंची यंत्रं घडवण्याच्या कामासाठी झाँ-पिएर सोव्हाज, स्टॉडार्ट आणि बेन फेरिंगा या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बातम्या आल्या, ‘जगातली सर्वांत लहान यंत्रं’ असे मथळे झाले, आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात बनणारा पंपच खूप लहान होऊन उभा राहिला. पाती, शाफ्ट, बेअरिंग, सगळं तेच, फक्त आकार बारीक. हे चित्र मुळातच चुकीचं आहे आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

## पंप कशाला म्हणायचं

पाणी उताराकडे आपोआप जातं. हिडकल धरणाचं पाणी बेळगाव शहरात आणायचं तर चढवावं लागतं, तिथे पंप लागतो. रेणूंचा उतार जमिनीचा नसतो, गर्दीचा असतो. पाण्यात साखर टाकून न ढवळता ठेवली तरी ती सावकाश सगळीकडे सारखी पसरते. जिथे गर्दी आहे तिथून जिथे मोकळं आहे तिकडे, हा रेणूंचा उतार. एकदा सगळीकडे सारखं झालं की तिथेच थांबतं. या स्थितीला समतोल म्हणतात.

विरळ जागेतून रेणू उचलून आधीच दाट असलेल्या जागी नेऊन ठेवायचे आणि परत येऊ द्यायचे नाहीत, हे काम जो करतो तो रेणूंचा पंप. जठरातला पंप हेच करतो. आपल्या प्रत्येक पेशीच्या कातडीवरचा दुसरा एक पंप एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी तो १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना ओळखला आणि त्यांना त्याचं नोबेल १९९७ मध्ये मिळालं. हा पंप थांबला तर ना नस चालेल ना स्नायू.

## त्या जगात काहीच स्थिर नसतं

नदीकाठची मोटर बंद केली की पंखा लगेच थांबत नाही, वेग असल्यामुळे चार फेऱ्या आणखी मारतो. रेणूच्या जगात असा वेग टिकत नाही. आजूबाजूचं पाणी त्याला घट्ट काकवीसारखं लागतं, ढकलणं थांबलं की हालचाल तिथल्या तिथे संपते.

शिवाय तिथे धक्काबुक्की अखंड चालू असते. आपल्या घरातल्या साध्या तापमानाला पाण्याचा रेणू सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने धावत असतो. तो लांब जात नाही, कारण लगेच शेजाऱ्यावर आदळतो, तिथून तिसऱ्यावर. या गर्दीत आपलं नाजूक यंत्र ठेवलं तर त्याला सगळ्या बाजूंनी सतत ठोसे बसणार. ते आपल्या ताकदीने एखादी वस्तू सरळ रेषेत ढकलत नेईल ही अपेक्षाच करता येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ऐन गर्दीत एखाद्याने हातातली वाटी न हलवता धरायचं ठरवावं, तसं ते होईल.

मग निसर्गाने काय केलं? त्याने धक्क्यांशी भांडण केलं नाही. धक्के बसणारच आहेत तर तेच कामाला लावले.

## ट्रॉलीच्या चाकामागचा दगड

गळिताच्या हंगामात काळ्या रानात उसाने भरलेली ट्रॉली चढावर अडकते. चार माणसं खांदा लावतात, ट्रॉली वीतभर पुढे जाते आणि तितकीच मागे येते. मग एकजण दगड घेऊन चाकाशी बसतो. ट्रॉली पुढे हलली रे हलली की तो दगड चाकामागे सरकवतो. आता ती मागे येऊ शकत नाही. पुढचा हिसका, दगड पुन्हा पुढे. दगडवाला ट्रॉलीला बोटही लावत नाही, तरी ट्रॉली चढ चढते, कारण मागे येण्याची वाट तो बंद करतो.

रेणूंचा पंप नेमका हा दगडवाला आहे. ढकलण्याचं काम उष्णतेचे धक्के करतात, ते सगळ्या दिशांनी बसत असतात. पंप फक्त पुढची वाट कधी मोकळी आणि मागची वाट कधी बंद, एवढंच सांभाळतो. सायकलच्या फ्रीव्हीलमधला खटका आणि मोटरीच्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व, ज्याला नदीकाठी सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात, हेही त्याच जातीचे. शास्त्रात या पद्धतीला रॅचेट म्हणतात. पान्याच्या संचातला रॅचेट पाना ज्यांनी वापरला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

## मग ही फुकटची ऊर्जा झाली की!

ही शंका अगदी रास्त आहे. धक्के फुकट, दगड एकदा आणला की झालं, मग वीज न लागता चालणारा पंप का नाही करायचा? १८६७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनीच ही शंका वेगळ्या रूपात मांडली होती. दोन खोल्यांमध्ये एक दार, आणि दाराशी एक चाणाक्ष राखणदार, जो वेगवान रेणूंना एकीकडे आणि मंद रेणूंना दुसरीकडे जाऊ देतो. खर्च काहीच नाही, तरी एक खोली तापते आणि दुसरी गार होते. असं होऊ शकेल का?

नाही. कारण खटकाही त्याच गरम जगात राहतो. यंत्र रेणूएवढं लहान केलं की खटकाही रेणूएवढाच होतो आणि त्यालाही तेच धक्के बसतात. तो अधूनमधून आपोआप उचलला जातो, आणि नेमका तेव्हा मागचा धक्का बसला की चाक मागे सरकतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६० च्या दशकात वर्गात हे गणित सोडवून दाखवलं. सगळीकडे तापमान सारखं असेल तर असा खटका जितका पुढे नेईल तितकाच मागे आणेल.

दगडवाल्याने सकाळी भाकरी खाल्लेली असते म्हणून तो दगड उचलू शकतो. रेणूंच्या पंपालाही ही भाकरी द्यावी लागते: पेशीत एटीपी नावाचं इंधन, प्रयोगशाळेत वीज, प्रकाश किंवा एखादं रसायन. सगळा खर्च दार वेळेवर उघडण्या-मिटण्याचा आहे. ‘इंधनावाचून रेणूंची ऊर्जा खेचणारं यंत्र’ म्हणून कुणी काही विकायला आलं, तर त्याला खटक्याची भाकरी कुठून येते एवढंच विचारावं.

## बांगडी दांडीत ओवायची कशी

कृत्रिम पंपाला एक बांगडी आणि एक दांडी लागते. बांगडी म्हणजे अणूंचं कडं, दांडी म्हणजे अणूंची लांब साखळी. दांडीत बांगडी ओवून दोन्ही टोकांना जाड गाठी मारल्या की बांगडी निसटत नाही, पण मागे-पुढे सरकते. दोघींमध्ये कसलाही रासायनिक बंध नसतो, ओवलेलं आहे म्हणूनच एकत्र आहे. याला रोटॅक्सेन म्हणतात, चाक आणि आस या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून.

रेणू हाताने ओवता येत नाहीत. आधीचे रसायनतज्ज्ञ दोन्ही एकत्र टाकून नशिबावर सोडत आणि हाती शेकडा एकही येत नसे. १९८३ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे सोव्हाज यांनी तांब्याचा भारित अणू मध्ये ठेवला. तांब्याने दोन तुकडे आपल्याभोवती एकमेकांना छेदून धरले, तोवर कडी बंद केली आणि मग तांबं काढून घेतलं. एकमेकींत अडकलेल्या दोन कड्या उरल्या, तेही ४२ टक्के. तिथून हे क्षेत्र खुलं झालं. १९९१ मध्ये स्टॉडार्ट यांनी दांडीवर दोन थांबे असलेली, त्यांच्यामध्ये ये-जा करणारी बांगडी केली. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला फेरिंगा यांनी प्रकाशावर एकाच दिशेने फिरणारी मोटर केली.

पण ये-जा म्हणजे पंप नव्हे. विणकराचा धोटाही दोन्हीकडे जातो. पंपाला बांगड्या बाहेरून आत ओढून साठवायच्या असतात.

## तणनाशकाच्या घरातली बांगडी

स्टॉडार्ट यांची बांगडी ‘निळी पेटी’ म्हणून ओळखली जाते, कारण आकृत्यांमध्ये ते तिला नेहमी निळ्या रंगाने काढत. तिचं मूळ आपल्या शेतकऱ्याला चांगलं माहीत आहे: पॅराक्वाट. बांधावरच्या तणावर मारलं की उन्हात काही तासांतच पानं करपतात, तेच तणनाशक. स्टॉडार्ट १९७८ ते १९८१ ब्रिटनच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि पॅराक्वाट ही त्याच कंपनीची निर्मिती. त्याचा रेणू दुसऱ्या रेणूच्या कुशीत कसा बसतो, हे शोधताना पुढे उलट विचार सुचला: पॅराक्वाटच्याच दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून चौकोनी कडं का करू नये? १९८८ मध्ये ते तयार झालं.

पॅराक्वाटचा एक गुण इथे महत्त्वाचा आहे. तो इलेक्ट्रॉन सहज घेतो आणि सहज सोडतो. पानात तो हरितद्रव्याच्या यंत्रणेकडून इलेक्ट्रॉन ओढतो, लगेच हवेतल्या ऑक्सिजनला देऊन टाकतो आणि पुन्हा ओढायला मोकळा होतो. ऑक्सिजनचं त्यामुळे जे जहाल रूप तयार होतं, ते पान जाळतं. (माणसाच्या फुप्फुसातही हाच प्रकार घडतो आणि पॅराक्वाटच्या विषबाधेवर उतारा नाही. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.)

निळ्या पेटीतही हाच गुण उतरला. एका पट्टीवर २ धनभार, दोन पट्ट्यांवर मिळून ४. प्रत्येक पट्टीला एकेक इलेक्ट्रॉन दिला की २ उरतात. काढून घेतला की पुन्हा ४. पंपाचा सगळा खेळ या ४ आणि २ वर चालतो.

## दांडीचे पाच भाग

दांडी बाहेरून आत अशी वाचत जाऊ.

पहिलं दार. पिरिडिनियम नावाचा गट, त्यावर १ धनभार कायमचा. इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याने तो बदलत नाही. सारखे भार एकमेकांना लोटतात, त्यामुळे ४ भारांची बांगडी इथून जाऊ शकत नाही. २ भारांची मात्र फार त्रास न होता जाते.

दुसरा थांबा. ही पॅराक्वाटचीच एक पट्टी आहे. मुळात तिच्यावर २ धनभार असतात, इलेक्ट्रॉन मिळाला की १.

तिसरा गतिरोधक. एका बाजूला फुगवटा असलेलं बेंझिनचं कडं. फुगवटा म्हणजे आयसोप्रोपिल, तीन कार्बनांचा गट. बांगडीची पोकळी साधारण ०.७ नॅनोमीटर रुंद. या फुगवट्यावरून ती जाते, पण अडखळत, वेळ घेत.

चौथं गोदाम. कार्बनची लांब साखळी. इथे बांगडीला खेचणारं काहीच नाही, ती इथे सुखाने राहत नाही, नाइलाजाने राहते. पंपाची खरी करामत हीच की न आवडणाऱ्या जागी माल साठतो.

पाचवी गाठ. एवढी जाड की बांगडी पलीकडे पडत नाही.

## एक फेरी, सावकाश

काचेच्या भांड्यात ॲसिटोनायट्राइल हे द्रावक, त्यात दांड्या आणि गरजेपेक्षा जास्त बांगड्या. सगळ्यांवर पूर्ण भार आहे, सगळे एकमेकांपासून दूर. काहीच घडत नाही.

आता जस्ताची पूड टाकून ढवळायचं. जस्त इलेक्ट्रॉन देतं. जवळजवळ बिनरंगी असलेलं द्रावण गर्द जांभळं होतं. हा रंग म्हणजेच पहिली पायरी जमल्याची खूण. बांगडीला २ इलेक्ट्रॉन मिळाले, थांब्याला १. एकेकट्या इलेक्ट्रॉनला जोडीदार हवा असतो, त्यामुळे जे काल एकमेकांना लोटत होते ते आज ओढू लागतात. बांगडीवर २ च भार उरल्याने दार तिला अडवत नाही. धक्के खात खात ती दारातून आत येते आणि थांब्यावर घट्ट बसते.

मग उरलेलं जस्त गाळून काढायचं. हे विसरलं तर पुढचं रसायन जस्तावरच खर्च होईल. गाळल्यावर इलेक्ट्रॉन ओढून घेणारं रसायन घालायचं. जांभळा रंग गेला. बांगडीवर पुन्हा ४ भार, थांब्यावर २. आता दोघं एकमेकांना जोरात लोटतात आणि बांगडीला निघावंच लागतं. पण कुठे? बाहेर दारावर धनभार बसलेला आहे आणि तिच्यावर ४ आहेत, ती वाट जवळजवळ बंद. आत फक्त फुगवटा. भाराची भिंत ओलांडण्यापेक्षा फुगवट्यावरून घासून जाणं सोपं. ती गोदामात उतरते.

दुसऱ्यांदा जस्त टाकलं की खरी कसोटी लागते. थांबा पुन्हा ओढू लागतो. गोदामातली बांगडी फुगवटा चढून थांब्यावर परत येऊ शकते, आणि बाहेरची नवी बांगडी दारातून येऊ शकते. शर्यत आहे. दारावरचा अडथळा या वेळी कमी असतो, त्यामुळे बाहेरची आधी पोचते आणि थांबा अडवते. जुनी आतच अडकते. मग पुन्हा इलेक्ट्रॉन काढले की दुसरीही गोदामात. २०१५ च्या पंपाने अशा दोन बांगड्या चढवल्या.

या सगळ्या फेरीत बांगडीला कुणीही हाताला धरून नेलं नाही, ही गोष्ट पुन्हा एकदा नीट पाहावी. इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याने दोन अडथळ्यांपैकी कोणता उंच आणि कोणता बुटका, एवढंच बदललं. चालली ती बांगडी, धक्क्यांच्या जोरावर.

## कुठे बिघडतं

फुगवट्याचं माप हा यातला सर्वांत नाजूक भाग. तो लहान पडला तर दुसऱ्या फेरीत जुनी बांगडीच आधी परत येते आणि मोजणी एकवरच अडून राहते. मोठा झाला तर इलेक्ट्रॉन काढल्यावर बांगडीला फुगवट्यापेक्षा दारच सोपं वाटतं, ती आली तशी बाहेर जाते. फुटबॉलची झडप गळकी असली की पाइपातलं पाणी उतरतं, आणि फार ताठ असली की उघडतच नाही, तसंच हे. फरक इतकाच की इथे झडप घासून बसवता येत नाही. माप चुकलं तर दांडीचा रेणू पहिल्यापासून नव्याने बनवावा लागतो, आणि तसा रेणू अनेक टप्प्यांत बनतो.

दुसरा शत्रू ऑक्सिजन. शेतात ज्या ऑक्सिजनमुळे तण करपतं, तोच भांड्यात शिरला तर बांगडीचे इलेक्ट्रॉन अवेळी पळवतो. बांगडी आत पोचण्याआधीच तिच्यावर ४ भार चढतात आणि फेरी वाया जाते. जांभळा रंग आपोआप फिका पडू लागला की हवा शिरली असं समजावं. म्हणून हे काम नायट्रोजन किंवा अरगॉन भरलेल्या बंद काचपेटीत, रबरी हातमोज्यांतून करतात.

तिसरं, गोदाम भरतं. प्रत्येक बांगडीवर ४ धनभार, शेजारी शेजारी बसल्या की एकमेकींना लोटतात. उपाय म्हणून २०२० मध्ये त्याच गटाने पॉलिइथिलीन ग्लायकॉलची लांब लवचीक साखळी घेतली. पोट साफ करायच्या पावडरीत असतं तेच हे रसायन. तिच्या दोन्ही टोकांना एकेक पंप जोडला. एका फेरीत दोन, पाच फेऱ्यांत दहा बांगड्या. एकाच दांडीवर ४० धनभार कोंबलेले, हे आपणहून कधीही घडलं नसतं.

चौथं, कचरा. जस्त, वापरून झालेली रसायनं, सगळं त्याच भांड्यात जमत जातं आणि काही फेऱ्यांनी कामात अडथळा येतो. पुढे हेच इलेक्ट्रॉन थेट विजेने, तारा बुडवून देता-घेता येऊ लागले, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

## बांगडी चढली हे कळतं कसं? कुणी पाहिलंय?

डोळ्यांनी नाही. दोन तपासण्या आहेत. वजन: हायड्रोजनचा अणू १ धरला तर निळ्या पेटीच्या सांगाड्याचं वजन ५२०. रेणूंचं वजन करणाऱ्या उपकरणात दांडीचं वजन एकेका बांगडीच्या हिश्श्याने वाढलेलं दिसतं, मधलं काही नाही, अर्धी बांगडी चढत नसते. दुसरी एनएमआर, दवाखान्यातल्या एमआरआयचं मूळ. त्यात हायड्रोजनचा प्रत्येक अणू शेजार बदलला की वेगळा सूर देतो. गोदामाच्या साखळीवर बांगडी बसली की तिथल्या हायड्रोजनचे सूर सरकतात. यावरून बांगडी दांडीवर कुठे बसली आहे तेही कळतं.

## ही यंत्रं आपल्या शरीरात सोडणार का?

औषधाच्या नावाखाली बारीक यंत्रं टोचतात, असे निरोप फोनवर फिरत असतात. वर सांगितलेला पंप ॲसिटोनायट्राइलमध्ये, ऑक्सिजन नसलेल्या भांड्यात, जस्त घातल्यावर फेरी मारतो. आपल्या रक्तात पाणी आहे, ऑक्सिजन भरपूर आहे, जस्ताची पूड नाही. तिथे त्याची एक फेरीही होणार नाही. त्याला बॅटरी नाही, ॲन्टेना नाही, तो कुणाशी बोलत नाही. शरीरात पंप आहेतच, कोट्यवधी आहेत, पण ते आपल्या पेशींनी स्वतः बनवलेले.

## निसर्गाकडे आहेत तर मग हा उपद्व्याप कशाला?

पेशीतला पंप हजारो अणूंचा असतो. तो मोडून पाहिला तरी कोणत्या भागामुळे दिशा ठरते हे वेगळं काढणं कठीण जातं. काही डझन कार्बन अणूंचा पंप असला की एक फुगवटा बदला, एक भार काढा, काय बिघडलं ते पाहा, असं करता येतं. मोटर दुरुस्त करणारा माणूस ती बांधायला शिकतो तेव्हाच तिचे दोष त्याला नीट कळतात. प्रथिनं उकळत्या पाण्यात, जहाल द्रावकात टिकतही नाहीत. घडवलेले रेणू टिकू शकतात.

## पण किती हळू!

हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड ली यांच्या गटाने २०१३ मध्ये बांगडी-दांडीचंच एक यंत्र केलं, जे अमिनो आम्लं ओळीने जोडत जातं. त्याला एक जोडायला सुमारे १२ तास लागत. पेशीत अशीच अमिनो आम्लं जोडून प्रथिनं बनवणारा रायबोसोम सेकंदाला १५ ते २० जोडतो. उलट बाजूने, फेरिंगा यांच्या गटाने २०१४ मध्ये केलेली मोटर सेकंदाला १ कोटी २० लाख फेऱ्यांपर्यंत पोचली. म्हणजे वेग आणणं अशक्य नाही, पण फिरणं वेगळं आणि माल उचलून साठवणं वेगळं.

त्याहून मोठी अडचण माणसाच्या हाताची होती. प्रत्येक फेरीला कुणीतरी जस्त घाल, गाळ, दुसरं घाल. शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्री येते म्हणून बांधावर जागत बसावं लागतं, तसं. २०२१ मध्ये ली यांच्याच गटाने असा पंप केला जो इंधन एकदा भांड्यात घातलं की ते संपेपर्यंत आपोआप बांगड्या चढवत राहतो, पेशीतल्या पंपासारखा. माझ्या मते २०१५ नंतरचं या क्षेत्रातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच. त्यानंतर २०२३ च्या सुरुवातीला स्टॉडार्ट यांच्या गटाने दांडीची टोकं जोडून मोठं कडं केलं आणि याच पंपाच्या युक्तीने त्यावर दोन बांगड्या विजेवर एकाच दिशेने फिरवल्या. ३० डिसेंबर २०२४ रोजी, ८२ व्या वर्षी स्टॉडार्ट गेले. एडिंबराजवळच्या शेतावर वाढलेला हा माणूस शेवटपर्यंत काम करत होता.

## हातात काय येईल?

आज बाजारात अशा पंपाची एकही वस्तू नाही. पाच वर्षांत येईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कारण सोपं आहे. मोटर, पाइप, फुटबॉल सगळं चांगलं असलं तरी ते नदी आणि शेत यांच्या मध्ये बसवावं लागतं. भांड्यातले हे पंप द्रावणात सुटे तरंगतात, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. ते बांगड्या स्वतःच्याच दांडीवर साठवतात, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात काही जात नाही. पेशीत सगळे पंप पातळ पडद्यात एकाच दिशेला तोंड करून रोवलेले असतात.

त्या दिशेने एक काम झालं आहे. २०२१ मध्ये स्टॉडार्ट यांच्या गटाने हे पंप धातू-सेंद्रिय जाळीच्या पातळ पत्र्यांवर रोवले. ही सच्छिद्र जाळी म्हणजे तीच, जिच्यासाठी २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. एरवी एखादा पृष्ठभाग रेणू धरतो तेव्हा जेवढे आपणहून चिकटतील तेवढेच धरतो. बाहेर गर्दी कमी झाली की ते सुटतात. कोळशाचं पाणीशुद्धीकरण असंच चालतं. पंप रोवलेल्या पत्र्यावर मात्र बांगड्या ऊर्जा देऊन चढवता आल्या, समतोलाला जेवढ्या चिकटल्या असत्या त्याहून जास्त, आणि पंप थांबल्यावरही त्या तिथेच राहिल्या.

अजून पंपाला आपलीच ठरलेली बांगडी लागते. पाण्यातलं फ्लोराइड किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड तो ओढत नाही. त्यासाठी एकतर हव्या त्या कणाला पकडून ठेवणारी बांगडी बनवावी लागेल, म्हणजे बांगडी ही घागर आणि कण हे पाणी, किंवा दार, थांबा आणि गतिरोधक हे तिन्ही भाग त्या कणाच्या मापाने पहिल्यापासून आखावे लागतील. दोन्ही वाटांवर फुगवट्याच्या मापाचा तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि दर वेळी तो रेणू पुन्हा पहिल्यापासून घडवूनच सोडवावा लागतो.